बॅकलॉगला नंबर द्यायच्या आधीचं काम : एका क्वार्टरच्या प्लॅनिंगचा अनुभव

प्रॉडक्ट मॅनेजर नक्की करतो काय असं विचारलं की बहुतेक जण सांगतात, प्रायोरिटी ठरवतो. बरोबरच आहे ते. पण प्रायोरिटी ठरवणं म्हणजे यादीतल्या कामांना एक दोन तीन नंबर देणं असं जे धरलं जातं ना, त्याबद्दल मला जरा सविस्तर लिहायचंय, कारण एक अख्खा क्वार्टर, म्हणजे तीन महिने, मी या एकाच गोष्टीच्या मागे घालवलाय आणि त्यातून माझं ठाम मत झालंय की नंबर देणं हा या कामातला सगळ्यात सोपा आणि सगळ्यात शेवटचा भाग आहे. त्याच्या आधी एक निर्णय घ्यावा लागतो, आपण कोणाचा कुठला प्रश्न सोडवतोय आणि कोणाचा सध्या सोडवत नाही आहोत, आणि तो घेतलेला नसेल तर कुठलीही पद्धत वापरा, यादी फक्त खालीवर होत राहते.

आधी प्रॉडक्ट सांगते. दुरुस्ती आणि मेंटेनन्सची कामं करणाऱ्या कंपन्यांसाठी आमचं सॉफ्टवेअर आहे, म्हणजे लिफ्ट, एसी, जनरेटर असल्या गोष्टी सांभाळणाऱ्या कंपन्या. ऑफिसात बसलेला डिस्पॅचर कामं वाटतो, टेक्निशियनला फोनवरच्या ॲपमध्ये आपलं काम दिसतं, तो जातो, करतो, झालं की ॲपवर मार्क करतो, आणि मालक महिन्याच्या शेवटी रिपोर्ट बघतो. तीन वेगळी माणसं आहेत ही. पैसे मालक देतो, दिवसभर स्क्रीनसमोर डिस्पॅचर असतो, आणि ज्याच्या बोटांवर सगळी माहिती अवलंबून आहे तो टेक्निशियन. पुढचं सगळं या तिघांभोवतीच फिरतं म्हणून एवढं सांगितलं.

मी हे प्रॉडक्ट हातात घेतलं तेव्हा बॅकलॉग, म्हणजे करायच्या राहिलेल्या कामांची यादी, प्रचंड होता आणि त्यात रोज भर पडत होती. सेल्सकडून यायचं, की अमुक मोठा क्लायंट हे फीचर असेल तरच साइन करणार. सपोर्टकडून यायचं, की या बगवर रोज तिकिटं येतायत. वरून यायचं, की स्पर्धकाने हे काढलंय, आपण काय करतोय. आणि इंजिनिअरिंगकडून यायचं, की हा कोड आता नीट केला नाही तर पुढे काही बांधता येणार नाही. यातलं एकही मागणं खोटं नव्हतं बरं का, प्रत्येकाच्या मागे खरं दुखणं होतं, आणि म्हणूनच ही गोष्ट अवघड असते. सगळ्यांना थोडं थोडं देत गेलं की क्वार्टरच्या शेवटी एक ना धड भाराभर चिंध्या अशी गत होते, रिलीज नोट लांबलचक असते आणि कस्टमरच्या आयुष्यात फरक मात्र काही पडलेला नसतो.

टीममध्ये राईस स्कोअरिंग आधीपासून चालायचं. ज्यांनी वापरलं नसेल त्यांच्यासाठी, ही पद्धत इंटरकॉम या कंपनीतून आली आणि त्यात चार आकडे असतात. रीच म्हणजे ठराविक काळात किती लोकांपर्यंत पोचणार. इम्पॅक्ट म्हणजे त्यातल्या प्रत्येकाला किती फरक पडणार, त्याची ठरलेली पट्टी आहे, ३, २, १, ०.५, ०.२५. कॉन्फिडन्स म्हणजे या आकड्यांबद्दल आपली खात्री किती, १००, ८० की ५० टक्के. आणि एफर्ट म्हणजे एका माणसाचे किती महिने लागणार. पहिल्या तिघांचा गुणाकार, भागिले चौथा. पद्धत चांगली आहे, विशेषतः कॉन्फिडन्सचा कॉलम मला फार आवडतो कारण 'मला असं वाटतं' आणि 'मी हे तपासलंय' यातला फरक तिथे सगळ्यांसमोर लिहावा लागतो.

पण एक करून बघा. समजा एक काम ५०० लोकांपर्यंत जातं, इम्पॅक्ट १, कॉन्फिडन्स ८० टक्के, एफर्ट २. स्कोअर २००. दुसरं काम ३०० लोकांपर्यंत, इम्पॅक्ट २, कॉन्फिडन्स ५० टक्के, एफर्ट १. स्कोअर ३००. दुसरं जिंकलं. आता मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणालं की इम्पॅक्ट २ जरा जास्तच वाटतो, १ धरू, की तो स्कोअर झाला १५० आणि क्रम उलटा. म्हणजे अख्ख्या क्वार्टरचा निर्णय एका आकड्यावर फिरला आणि तो आकडा त्या दिवशी खोलीत कोण बसलं होतं यावर ठरला. याहूनही खोल अडचण रीचमध्ये आहे. रीच कोणाचा मोजायचा? आमच्या एका कस्टमर कंपनीत मालक एक असतो, डिस्पॅचर दोनेक, टेक्निशियन तीसेक. मालक मोजले तर रिपोर्ट वर जातात, टेक्निशियन मोजले तर मोबाईल ॲप वर जातं. कोणाला मोजायचं हे फॉर्म्युला सांगत नाही आणि सांगूही शकत नाही, ते आपण आधी ठरवून आत घालायचं असतं. स्ट्रॅटेजी म्हणतात ती ही.

म्हणून मी इंजिनिअरिंग लीडशी बोलले आणि आम्ही ठरवलं की काही आठवडे यादीकडे बघायचंच नाही. चालू कामं चालू राहतील, तातडीचे बग सुटत राहतील, पण नवीन काहीही रँक करायचं नाही. तेवढ्या वेळात मला एकाच प्रश्नाचं उत्तर शोधायचं होतं, कस्टमर सोडून का जातात.

सीआरएममध्ये, म्हणजे कस्टमरच्या नोंदी ठेवायच्या सिस्टीममध्ये, कॅन्सलेशनची कारणं लिहिलेली होती. 'महाग वाटलं', 'फीचर्स कमी', 'दुसऱ्या टूलकडे गेले'. ही कारणं फोनवर निघता निघता सांगितलेली असतात, समोरच्यालाही ते संभाषण लवकर संपवायचं असतं, त्यामुळे त्यावर मी फार भर देत नाही. मी सोडून गेलेल्या मालकांना फोन लावायला सुरुवात केली आणि एकच विचारत गेले, की पहिल्या महिन्यात काय काय झालं ते क्रमाने सांगा. मत विचारलं की माणसं मत देतात, घडलेलं विचारलं की घडलेलं सांगतात, आणि आपल्याला घडलेलंच हवं असतं.

बऱ्याच जणांच्या बोलण्यात एक वाक्य वेगवेगळ्या रूपात येत होतं. 'अहो तुमच्या रिपोर्टमधले आकडे खरे नसायचे.' कामं झालेली असायची पण सिस्टीममध्ये पेंडिंग दिसायची. का? टेक्निशियन ॲपवर मार्क करायचे नाहीत. का करायचे नाहीत, यावर मालकांचं उत्तर ठरलेलं, की पोरं आळशी आहेत, ट्रेनिंग द्या.

मग मी टेक्निशियनबरोबर फिरले. हे मी प्रत्येक प्रॉडक्ट मॅनेजरला हात जोडून सांगेन, की डॅशबोर्ड बघा, इंटरव्ह्यू घ्या, पण जो माणूस तुमचं प्रॉडक्ट वापरतो त्याच्या शेजारी त्याच्या कामाच्या जागी उभे रहा. लिफ्टची मशीन रूम, बेसमेंटमधली जनरेटरची खोली, अशा जागी नेटवर्क नसतं. आमचं ॲप तिथे नुसतं गोल गोल फिरत राहायचं. हातात ग्लोव्हज, बोटांना ग्रीस, आणि काम संपल्यावर जो फॉर्म उघडायचा त्यात एकामागे एक फील्ड्स, त्यातली अर्धी त्या माणसाच्या दृष्टीने निरर्थक. तो बिचारा दोनदा प्रयत्न करायचा, फोन खिशात टाकायचा आणि पुढच्या साइटवर निघायचा. आळस कुठे आहे यात? संध्याकाळी तो डिस्पॅचरला फोन करून दिवसभराची कामं सांगायचा आणि डिस्पॅचर ती बसून भरायचा.

इथे मला साखळी दिसली. टेक्निशियन मार्क करत नाही, म्हणून डिस्पॅचरचं काम दुप्पट, म्हणून तो हळूहळू परत एक्सेल शीट आणि फोनकॉलवर जातो, म्हणून सिस्टीममधला डेटा अर्धवट, म्हणून मालकाला रिपोर्ट खोटा वाटतो, म्हणून मालक म्हणतो महाग आहे. आणि गंमत बघा, बॅकलॉगमधल्या ज्या मागण्या वेगवेगळ्या वाटत होत्या त्या याच साखळीच्या कड्या निघाल्या. डिस्पॅचर एकाच वेळी भरपूर कामं एडिट करायची सोय मागत होते, कारण संध्याकाळी त्यांना तीस जणांची कामं भरायची असायची. मालक नवीन रिपोर्ट मागत होते कारण जुन्यावर विश्वास नव्हता. सपोर्टकडे 'स्टेटस चुकीचं दिसतंय' अशी तिकिटं यायची, त्यात बग नसायचाच, कुणी स्टेटस बदललेलंच नसायचं. यादीत ही सगळी वेगवेगळ्या लोकांच्या नावाची वेगवेगळी कामं होती आणि प्रत्येकाला स्वतंत्र स्कोअर होता.

डेटामध्येही बघितलं. ज्या अकाउंट्समध्ये टेक्निशियन पहिल्या काही आठवड्यांतच स्वतःच्या फोनवरून काम पूर्ण मार्क करायला लागतात ती टिकतात, जिथे नाही तिथे गळती. पण यावर लगेच उडी मारायची नसते, कारण असंही असू शकतं की मुळातच शिस्तीच्या कंपन्या मार्कही करतात आणि टिकतातही, ॲपचा त्यात काही हात नसेल. म्हणून मी एकाच कंपनीच्या दोन टीम शोधल्या, मालक तोच, नियम तेच, पण एका टीमच्या साइट्सवर नेटवर्क चांगलं आणि दुसरीच्या साइट्स बेसमेंटमधल्या. फरक तिथेही दिसला. तरीही कॉन्फिडन्सच्या कॉलममध्ये मी ८० लिहिलं, १०० नाही.

आता एक पान लिहायचं होतं. स्ट्रॅटेजीचं डॉक्युमेंट एका पानापेक्षा मोठं झालं की त्यात सगळ्यांच्या आवडीचं काहीतरी शिरतं असं माझं निरीक्षण आहे. त्या पानावर तीन गोष्टी होत्या. खरा अडथळा काय आहे : टेक्निशियनला साइटवर ॲप वापरता येत नाही. आपला पवित्रा काय : पुढचे दोन क्वार्टर आपण टेक्निशियनसाठी बांधणार, मालक आणि डिस्पॅचर यांना त्यातून आपोआप जे मिळेल ते मिळेल. आणि काय करणार नाही : नवीन रिपोर्ट नाहीत, डिस्पॅचरची एकगठ्ठा एडिट नाही, एका क्लायंटपुरती कस्टम फीचर्स नाहीत.

अशी वाक्यं लिहिताना मी एक चाचणी लावते, वाक्य उलटं करून बघायचं. 'आम्ही कस्टमरला उत्तम अनुभव देणार' याचं उलट काय, वाईट अनुभव देणार? असं कुणी शहाणा माणूस म्हणणार नाही, म्हणजे ते वाक्य काहीच ठरवत नाही. 'आम्ही आधी टेक्निशियनसाठी बांधणार' याचं उलट 'आम्ही आधी मालकासाठी बांधणार', आणि हे एखादी समंजस कंपनी नक्की म्हणू शकते, काही म्हणतातही. उलट बाजूला समंजस माणूस उभा राहू शकतो तेव्हाच आपण खरंच काहीतरी निवडलेलं असतं.

फोकसचा विषय निघाला की ॲपलचं उदाहरण येतंच. १९९७ मध्ये स्टीव्ह जॉब्स परत आल्यावर त्यांनी ढीगभर मॉडेल्स बंद करून चार खान्यांचा चौकोन काढला, सामान्य ग्राहक आणि प्रोफेशनल, डेस्कटॉप आणि पोर्टेबल. मला त्यात महत्त्वाचं वाटतं ते १९९८ मध्ये बंद झालेलं न्यूटन, ॲपलचा हातात धरायचा छोटा कॉम्प्युटर. त्याच्यावर जीव टाकणारे वापरकर्ते होते. वाईट गोष्ट बंद करायला कुणाला स्ट्रॅटेजी लागत नाही, चांगली गोष्ट बाजूला ठेवायला लागते. आमच्या 'करणार नाही' मध्ये जे होतं ते सगळं चांगलंच होतं आणि मी पानावर तसं स्पष्ट लिहिलं, की या कल्पना चुकीच्या नाहीत, त्यांची वेळ आत्ता नाही.

मग सेल्सचे हेड. एका मोठ्या क्लायंटला कस्टम रिपोर्ट हवा होता आणि त्यांनी त्या डीलवर बरेच महिने मेहनत घेतली होती. मी मोठ्या मीटिंगमध्ये ते पान दाखवण्याआधी त्यांना एकट्यांना भेटले, कारण ज्याचं काम आपण मागे ढकलणार त्याला ते चारचौघांत पहिल्यांदा कळू नये असं मला मनापासून वाटतं. ते म्हणाले, "तुम्ही म्हणताय ते पटतंय, पण माझं टार्गेट या क्वार्टरचं आहे." यात त्यांचं काय चुकलं? मी त्यांना विचारलं, की समजा रिपोर्ट दिला, त्या क्लायंटचे टेक्निशियन पण बेसमेंटमध्येच काम करतात ना, मग रिपोर्टमध्ये दिसणार काय? ते थांबले. मग म्हणाले, "अर्धं रिकामं." मी म्हटलं, म्हणजे आपण साइन करून घेऊ आणि वर्षभरात हाच क्लायंट मला कॅन्सलेशनच्या फोनवर भेटेल. ते खूश झाले असं मी म्हणणार नाही, आणि ती डील त्या क्वार्टरमध्ये झालीही नाही. पण त्या दिवसानंतर त्यांच्याकडून येणाऱ्या प्रत्येक मागणीबरोबर त्या क्लायंटच्या साइटवर नेटवर्क कसं आहे हे लिहून यायला लागलं, आणि माझ्यासाठी ती फार मोठी मदत होती.

'नाही' म्हणताना कारण आपलं सांगायचं नसतं, त्या निवडीचं सांगायचं असतं. 'माझ्याकडे वेळ नाही' म्हटलं की समोरचा म्हणतो माणसं वाढवा. 'हे केलं तर टेक्निशियनचं काम इतके आठवडे पुढे जातं, आणि ते पुढे गेलं तर तुमचाच क्लायंट टिकणार नाही' म्हटलं की चर्चा मुद्द्यावर राहते.

निवड झाली तरी क्रम लावायचा राहतोच, आणि त्यासाठी मला उशिराची किंमत हा विचार सगळ्यात उपयोगी पडतो. प्रत्येक कामाबद्दल विचारायचं, हे तीन महिने उशिरा दिलं तर काय जाईल? काही कामांचं काहीच जात नाही. काहींचं रोज थोडं थोडं जातं. आणि काहींची तारीख ठरलेली असते, म्हणजे कायदा बदलणार आहे किंवा एखादी बाहेरची सर्व्हिस बंद होणार आहे, त्या तारखेआधी आठ दिवस दिलं काय आणि दोन महिने आधी दिलं काय, सारखंच, पण एक दिवस उशीर झाला तर सगळंच गेलं. मीटिंगमध्ये तिन्ही प्रकारांना 'अर्जंट' म्हणतात.

आकड्यात सांगते. काम अ ला २ आठवडे लागतात आणि ते नसल्यामुळे दर आठवड्याला १० इतकं नुकसान होतंय. काम ब ला ६ आठवडे लागतात आणि नुकसान आठवड्याला १२. ब मोठं दिसतं म्हणून ते आधी घेतलं तर ब चं नुकसान ६ गुणिले १२ म्हणजे ७२, आणि अ थांबून ८ व्या आठवड्यात संपणार म्हणून त्याचं ८०, एकूण १५२. अ आधी घेतलं तर त्याचं २०, ब चं ८ गुणिले १२ म्हणजे ९६, एकूण ११६. कामं तीच, माणसं तीच, फक्त क्रम बदलला. नियम एवढाच, की उशिराची किंमत भागिले लागणारा वेळ, ज्याचं उत्तर मोठं ते आधी. आमच्याकडे ऑफलाइन मोड, म्हणजे नेटवर्क नसतानाही ॲप चालणं, हे मोठं काम होतं आणि फॉर्म छोटा करणं हे लहान. सगळ्यांचं लक्ष ऑफलाइनकडे होतं, पण या हिशोबाने फॉर्म आधी आला, डिझायनरने टेक्निशियनबरोबर बसून फील्ड्स कमी केली आणि ऑफलाइन तयार व्हायच्या कितीतरी आधी ज्यांच्या साइटवर नेटवर्क होतं त्यांना फायदा सुरू झाला.

ऑफलाइनचं काम सुरू करण्याआधी आम्ही प्रीमॉर्टेम केलं. गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञांची ही पद्धत, त्यांनी २००७ मध्ये त्यावर लिहिलं होतं. सगळ्यांनी बसायचं आणि धरून चालायचं की सहा महिने झालेत आणि हे काम साफ फसलंय, आता का फसलं ते प्रत्येकाने लिहायचं. 'काही धोके आहेत का' असं विचारलं की लोक गप्प बसतात, कारण धोका सांगणारा निगेटिव्ह वाटतो. फसलंच आहे असं गृहीत धरलं की तोच माणूस हुशार ठरतो. एका ज्युनिअर इंजिनिअरने लिहिलं : टेक्निशियन नेटवर्कबाहेर असताना डिस्पॅचरने तेच काम दुसऱ्याला दिलं, दोघांनीही ते पूर्ण मार्क केलं, नेटवर्क परत येऊन सगळी माहिती सिंक म्हणजे एकत्र झाल्यावर कोणाचं खरं? यावर आम्ही बराच वेळ घालवला आणि प्रॉडक्टच्या पातळीवर नियम ठरवला, की काम कोणाला द्यायचं यात डिस्पॅचरचा शब्द शेवटचा आणि काम झालं की नाही यात साइटवरच्या माणसाचा. हा निर्णय आधी झाला म्हणून बरं, कारण असा नियम डेटाच्या रचनेत मुरतो, नंतर उलटवणं फार महाग पडतं. जे निर्णय सहज मागे घेता येतात त्यांच्यावर मी वेळ घालवत नाही, बटणाचा रंग, फील्डचा क्रम, टीमने ठरवावं आणि पुढे जावं. जिथून परत फिरता येत नाही तिथे मात्र मी सगळ्यांना थांबवते.

एस्टिमेटबद्दल थोडक्यात. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच दाखवलं होतं की माणसं आपल्या कामाला लागणारा वेळ कमीच धरतात, अगदी आधीच्या तशाच कामांना जास्त वेळ लागला होता हे माहीत असूनही. म्हणून आम्ही 'याला किती लागेल' विचारण्याऐवजी 'यासारखी आधीची कामं किती वेळ चालली' हे काढलं आणि तोच आकडा धरला.

आणि क्षमता पूर्ण भरायची नाही. हे वर पटवणं मला सगळ्यात जड गेलं, कारण सगळे इंजिनिअर शंभर टक्के बिझी असले की मॅनेजमेंटला बरं वाटतं. रांगांच्या गणितात एक साधं मॉडेल आहे, एकच सर्व्हर, म्हणजे काम करणारा एकच, आणि कामं अधूनमधून कशीही येतात, त्यात टीम ५० टक्के बिझी असेल तर नवीन कामाला सरासरी एका कामाएवढा वेळ थांबावं लागतं, ८० टक्क्यांना चारपट, ९० ला नऊपट, ९५ ला एकोणीसपट. खऱ्या टीमचं गणित इतकं स्वच्छ नसतं पण दिशा हीच. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियमही असाच कामाचा, हातात १२ कामं असतील आणि आठवड्याला ३ संपत असतील तर प्रत्येक कामाला सरासरी ४ आठवडे लागतात, हातातली ६ केली आणि संपण्याचा वेग तोच राहिला तर २ आठवडे. मी एवढंच मागितलं की एकावेळी चालू कामं कमी ठेवू आणि थोडी जागा मोकळी ठेवू. पहिल्याच महिन्यात एका मोठ्या ऑपरेटिंग सिस्टीम अपडेटमुळे ॲप क्रॅश व्हायला लागलं आणि ती मोकळी जागा तिथेच वापरली गेली, ऑफलाइनच्या तारखेला धक्का न लागता.

माझ्या स्वतःच्या वेळेलाही हेच सगळं लागू केलं. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या नावाने जो अर्जंट आणि महत्त्वाचं असा चौकोन फिरतो तो त्यांच्या १९५४ च्या भाषणातल्या वाक्यावरून आलाय, आणि त्यातही ते दुसऱ्याच कुणाचं वाक्य सांगत होते. चौकोन भरत बसण्यापेक्षा मी सकाळचे दोन तास कॅलेंडरवर अडवले, त्यात चॅट बंद, मीटिंग नाही, फक्त कस्टमरशी बोलणं, डेटा बघणं किंवा लिहिणं. सुरुवातीला लोक त्यातही इन्व्हाइट टाकायचे. मी प्रत्येकाला उत्तर देऊन दुसरी वेळ द्यायचे, काही आठवड्यांत थांबलं ते. विचार करायला वेळ मिळेल तेव्हा करू असं म्हटलं तर तो कधीच मिळत नाही, कारण या कामात दिवस भरायला दुसऱ्यांचे प्रश्न पुरेसे असतात.

मेट्रिक, म्हणजे यश मोजायचा आकडा, आम्ही एकच ठेवलं होतं, नवीन अकाउंटमधल्या किती टेक्निशियननी पहिल्या आठवड्यात स्वतः काम पूर्ण मार्क केलं. फॉर्म छोटा झाल्यावर आकडा वर गेला, छान वाटलं, आणि मग आमच्या ॲनॅलिस्टने दाखवलं की काही अकाउंट्समध्ये डिस्पॅचर टेक्निशियनच्या लॉगिनने ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून मार्क करतायत, कारण नवीन कस्टमरला ॲप सुरू करून देणारी आमचीच ऑनबोर्डिंग टीम त्यांना रोज आठवण करत होती की आकडा वाढवा. चार्ल्स गुडहार्ट या अर्थतज्ज्ञांनी १९७५ मध्ये मांडलेला मुद्दा हाच, की मोजमापाचं टार्गेट केलं की ते मोजमाप बिघडतं. मग आम्ही फक्त फोनवरून, साइटच्या आसपासच्या लोकेशनवरून आलेलं मार्किंग धरायचं ठरवलं. आकडा खाली आला. मी तो खालचा आकडाच रिव्ह्यूत दाखवला आणि का खाली आला ते सांगितलं.

ऑफलाइन मोड दुसऱ्या क्वार्टरच्या मध्यावर सगळ्यांना गेला. 'स्टेटस चुकीचं' वाली तिकिटं इतकी कमी झाली की सपोर्टने ती कॅटेगरी वेगळी ठेवणं बंद केलं. डिस्पॅचरची एकगठ्ठा एडिटची मागणी कुणी पूर्ण केली नाही, ती यायचीच थांबली. सगळंच असं सुटलं नाही, ज्या कंपन्यांमध्ये टेक्निशियन कंत्राटी आहेत आणि दर महिन्याला बदलतात तिथे काहीच फरक पडला नाही, तिथला अडथळा वेगळा आहे आणि तो मला अजून नीट समजायचाय.

सध्या पुढचं पान लिहायचं चाललंय. सेल्सचे हेड परत तोच कस्टम रिपोर्ट घेऊन आले, त्याच क्लायंटसाठी. या वेळी मी त्यांच्याबरोबर बसून त्या क्लायंटचा ट्रायल अकाउंट उघडला, बेसमेंटमधली कामं त्याच दिवशी मार्क झालेली दिसत होती. रिपोर्टसाठी लागणारा डेटा आता खरा आहे, म्हणून 'करणार नाही' मधून तो मी काढलाय, फक्त एका क्लायंटपुरता न करता सगळ्या मालकांना उपयोगी पडेल असा करायचा म्हणून त्यांच्याच यादीतल्या मालकांना फोन सुरू केलेत. आणि 'करणार नाही' च्या रिकाम्या झालेल्या जागी यावेळी कंत्राटी टेक्निशियनवाल्या कंपन्या टाकायच्या का, यावर इंजिनिअरिंग लीडचं आणि माझं अजून जमलेलं नाही. तो म्हणतो त्या कंपन्यांना सध्या विकूच नये, मला वाटतं आधी त्यांच्या साइटवर जाऊन यावं.